पालथा दगड

माई केरेसिया दगड घेण्याआधी
हातोडीने त्याला हलकेच वाजवून बघते,
बाजारात मडकं घेताना बघतात तसं.
बद्द वाजला तर आत चीर.
खणखणला तर म्हणते, "चल, घरी चल."
मग सहा बैल, एक गाडी आणि अर्धं गाव लागतं
त्याला घरी यायला.

मी अकरा वर्षांचा असल्यापासून तिच्याकडे घासकाम करतो.
ओला पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक,
मग इतका बारीक की शाळेत मास्तर म्हणाले,
तुझ्या बोटांना रेषाच उरल्या नाहीत, कुणाचा आहेस रे तू?
शेवटी मूर्तीभोवती मुसासाचं सरपण रचून जाळ करायचा,
थुंकी चुर्र करेपर्यंत दगड तापवायचा
आणि मेण फिरवायचं.
राखाडी दगड बघता बघता काळाभोर होतो.
मी दर वेळी एक पाऊल मागे सरतो.

गुरुवेच्या वरच्या अंगाला आमची वाडी.
इथे कुणाचा पाटा गुळगुळीत झाला
की तो तिच्याच दारात येतो.
टाकी लावून द्यायची, बदल्यात पायलीभर नाचणी,
नसली तर "पुढच्या सुगीला".
पंपाचं वायसर तिने टायरातून कापलं.
म्हाताऱ्या मुदेन्गेच्या थडग्याला धोंडा दिला,
त्यावर त्याची तपकिरीची डबी कोरून.
टाकीचे घाव इथे सगळ्यांच्याच अंगावर,
देवपण मागायला कुणी येत नाही.

अंगणातला मोठा दगड मात्र नऊ वर्षं तसाच.
कोंबड्या त्यावर बसत, पोरं घसरगुंडी करत.
"माई, याच्या पोटात काय आहे?"
"मला काय विचारता, मी काय सुईण आहे?"
(तिची आई सुईण होती.
विचारणारे निम्मे तिच्याच हातावर आलेले.)
हरारेच्या व्यापाऱ्याने त्याच दगडासाठी आगाऊ पैसे दिलेले.
त्याचे पत्रे आमच्या वर्गाच्या छपरावर.

जानेवारीत ओढा फुगला.
माझ्या बाकावरचा गिव्हमोर
दप्तर डोक्यावर धरून पाण्यात उतरला.
दप्तर सापडलं.

सभुकूंच्या अंगणात बैठक बसली.
पुलाचा अर्ज जिल्ह्याला गेलाय, ते म्हणाले,
मागच्या वर्षीही गेला होता.
मग सगळे गप्प.
कुणी तिच्या अंगणाकडे पाहिलं नाही,
इतक्या नेटाने पाहिलं नाही
की तिला ते दिसलंच.

तिने अकरा दिवस मागितले.
ताडपत्रीच्या आत ती एकटी. घासायला मला बोलावणं नाही.
बाराव्या दिवशी वरून सपाट केलेला, खडबडीत,
पाय घसरू नये असा दगड
बावीस जणांनी ओढ्यात बसवला.
"नऊ वर्षं थांबून नुसती पायरी?" कुणीतरी म्हणालं.
ती म्हणाली, "हं."

मे महिन्यात पाणी उतरल्यावर
मी पोटावर पडून दगडाखाली हात घातला.
या बोटांना घासकाम कळतं:
खालची बाजू घासलेली होती, सगळ्यांत बारीक कागदाने.
एक बकल लागलं, दप्तराच्या बंदाचं.
पुढे जे लागलं
ते मी कुणाला सांगितलं नाही.

व्यापारी आला तो बूट हातात घेऊन, त्याच दगडावरून.
तिथेच उभा राहून म्हणाला, "माझा मोठा नग कुठाय?"
पोरं खिदळली.
त्याचे पैसे तिने घुबडांत फेडले,
दोन हिवाळे नुसती घुबडं.
गावात घुबड अपशकुनी, शहरात हातोहात खपतं.
"या अशुभाने तरी छप्पर फिटू दे," म्हणायची
आणि पुढच्याचे डोळे कोरायला घ्यायची.

गिव्हमोरची आई त्या दगडावर पाय ठेवत नाही.
शेजारून जाते, कापड गुडघ्यापर्यंत उचलून,
डोक्यावर पिठाची पाटी.
तिला कुणी काही सांगितलेलं नाही.
माई केरेसियाही तिला काही म्हणत नाही.
पाणी चढलं की हातातलं काम टाकून
फक्त काठावर येऊन उभी राहते,
धुळीने पांढरा झालेला हात पुढे करून.